पेटीत न बसणारा गंधार

पत्र थोडक्यात असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी शाळेवर संगीत शिकवणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३१, बीएला संगीत होतं, गांधर्व मंडळाची विशारद झालीय. गेल्या तीन वर्षांत त्यांनी आत्या, चुलत्या, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायका यांच्या जात्यावरच्या ओव्या आणि थोडी आराध्यांची गाणी अशी साठेक रेकॉर्डिंग मोबाईलवर केलीयत. याच्यावर कॉम्प्युटरच्या मदतीनं अभ्यास करावा, जमलं तर पीएचडी करावी असं मनात आहे. एका प्राध्यापकांनी सांगितलं की हे इंजिनिअर लोकांचं काम, तुम्ही नेहमीचा एखादा विषय घ्या. भाचा म्हणतो, "मावशी, एआयमध्ये टाक की, नोटेशन आपोआप निघतंय, काहून एवढी मेहनत करायलीस." गणित दहावीनंतर सुटलं, इंग्रजी वाचायला वेळ लागतो, लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. पुण्यात सहा महिन्यांचा साउंडचा कोर्स आहे, फी ८५ हजार, त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, "आत्याची ओवी पेटीवर वाजवून बघितली तर तिचा गंधार ना कोमल लागतो ना शुद्ध, मग मुळात ती बेसूरच गाते की काय, आणि बेसूर गाण्यावर काय संशोधन करायचं असंही वाटतं. काय करू?"

ताई, मी तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. कोर्स, लॅपटॉप, इंग्रजी हे सगळं नंतर जागेवर बसतं, पण ही ओळ तशीच राहिली तर तुम्ही पुण्याला जा नाहीतर पॅरिसला जा, काम पुढं सरकणार नाही. आत्याचा गंधार पेटीत बसत नाही म्हणून आत्या बेसूर, असं तुम्ही धरून चाललाय. म्हणजे पेटी बरोबर हे आधीच ठरलं. मी स्वतः पेटीवाली आहे, आठवीत असल्यापासून वडिलांच्या भजनात साथ केली, पेटीवर माझा जीव आहे, तरी सांगते की पेटी ही मोजपट्टी म्हणून वापरायची वस्तू नाही. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले आणि एकेका पट्टीत एकेक बसवला, सोयीसाठी. तुम्ही विशारदच्या थिअरीत पाठ केलंच असेल, मध्य सा ची आंदोलनसंख्या, म्हणजे सेकंदाला होणारे कंप, २४०, पंचम ३६०, तार सा ४८०. त्याच हिशोबानं पाचास चार या प्रमाणातला शुद्ध गंधार येतो ३०० वर, आणि चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तो हाच. आता पेटीचा शुद्ध गंधार बघा, तो पडतो ३०२.४ वर. थोडा चढाच. ऑल इंडिया रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती ती काही उगाच नव्हती, पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि सूर असे बांधलेले, याच वादातून आली होती. (बंदी मला पटत नाही, पण वाद खरा होता.)

आणि पेटीचा कोमल गंधार पडतो २८५.४ वर. म्हणजे २८५ ते ३०२ एवढी मोकळी जागा आहे मध्ये, आणि तुमची आत्या त्या जागेत कुठंतरी गातीय. आता विचारायचं असेल तर हे विचारा की ती दर ओळीला त्याच ठिकाणी येते का? दहा ओव्यांत दहाही वेळा गंधार तिथंच लागत असेल, आणि शेजारच्या काकूंचाही जवळपास तिथंच लागत असेल, तर त्याला बेसूर कसं म्हणायचं? आणि इकडं तिकडं फिरत असेल तर कधी फिरतो, चढताना वर आणि उतरताना खाली असं आहे का, ते बघावं लागंल. हा प्रश्न तुमच्या कानानं पकडलाय, आणि पीएचडीला बसलेली कितीतरी पोरं असा एक प्रश्न मिळावा म्हणून दोन-दोन वर्षं लायब्ररीत घालवतात. फक्त एक सांभाळा, एकदोन आकडे मध्ये पडले की लगेच "बघा बावीस श्रुती सापडल्या" (जुन्या ग्रंथांत सप्तकाचे बावीस बारीक सूर सांगितलेत, त्या) म्हणून पळू नका. आधी मोजा, पुष्कळ मोजा.

गणित सुटलं म्हणता, पण ३६ इंचाच्या वीणेच्या तारेवर तार सा १८ ला, पंचम २४ ला, मध्यम २७ ला हे तुम्ही परीक्षेत लिहून आलात, ते काय होतं मग? सुरुवातीला लागतं ते एवढंच, गुणोत्तर. बाकीचं लागंल तेव्हा शिकता येतं. आणि हे इंजिनिअरचं काम ही समजूत तर या विषयाच्या इतिहासालाच धरून नाही. कॉम्प्युटरवर संगीताचा आवाज घडवणाऱ्या प्रोग्रॅमचा पाया घातला मॅक्स मॅथ्यूज यांनी, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये, १९५७ साली, ते इंजिनिअर होते हे खरं. पण पुढं स्टॅनफर्डमध्ये ज्यांनी हे काम वाढवलं ते जॉन चाउनिंग संगीताचे विद्यार्थी, रचनाकार आणि तालवाद्य वाजवणारे. मॅथ्यूज यांचा लेख वाचून ते १९६४ मध्ये बेल लॅब्जला भेटून आले आणि मग प्रोग्रॅमिंग येणाऱ्या एका विद्यार्थ्याला सोबत घेऊन काम सुरू केलं. १९६७ मध्ये ते आवाजाच्या कंपाशी खेळत होते, कंप वाढवत वाढवत इतका जलद केला की तो कंप म्हणून ऐकूच येईना, आवाजाची जातच बदलली. हे त्यांना कानानं कळलं, सूत्र नंतर मांडलं, १९७३ ला लेख आला आणि त्याच तत्त्वावर यामाहाचा डीएक्स सेव्हन कीबोर्ड १९८३ मध्ये बाजारात आला. नादाची उंच-नीचता, लहान-मोठेपणा आणि नादाची जाती, हे तीन तुम्हाला पाठ आहेत, चाउनिंग यांचं हे काम तिसऱ्यावर आहे. आपल्याकडं सी. व्ही. रामन यांनी तबल्यावर १९२० मध्येच लिहिलं होतं की शाईमुळं चामड्याचे वरचे स्वर एकमेकांशी जुळतात आणि म्हणून तबल्यातून नुसता धपका येत नाही, सूर येतो. भौतिकशास्त्रवाल्यांना वाद्याजवळ यावं लागलं, तसं तुम्हाला थोडं यंत्राजवळ जावं लागंल, एवढंच.

आता लॅपटॉप. चार जीबी रॅम पुरते ओ. तुम्हाला पहिल्यांदा लागणार आहे प्रात नावाचं सॉफ्टवेअर, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, फुकट, आकारानं लहान, एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं, लाईट गेली तर बॅटरीवर चालतं. मुळात ते बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे पण एकट्या गळ्याच्या गाण्याला त्याच्याइतकं सोपं दुसरं नाही. रेकॉर्डिंग उघडायचं, खाली राखाडी रंगात आवाजाचं चित्र दिसतं आणि त्यावर निळी रेघ, ती रेघ म्हणजे आत्याचा सूर. कुठंही क्लिक केलं की तिथं किती हर्ट्झ आहे ते दिसतं. हर्ट्झ म्हणजे तुमची तीच आंदोलनसंख्या. पहिल्यांदा ती रेघ बघितली की मुरकी कुठं घेतली, सूर कुठनं घसरत आला हे सगळं डोळ्यापुढं उभं राहतं आणि खरं सांगते, अंगावर काटा येतो.

पण रेघ खोटंही बोलते हे आधीच माहीत असू द्या. जात्याची घरघर खालच्या पट्टीत असते, सॉफ्टवेअर कधी कधी तिलाच सूर समजतं, म्हणून सेटिंगमध्ये खालची मर्यादा १२० किंवा १५० करून बघा आणि वरची ६०० ठेवा. मध्येच रेघ बरोब्बर अर्ध्यावर उडी मारून खाली गेली तर आत्या खर्जात गेलेली नाही, यंत्राची सप्तकाची चूक झालीय. आणि दोघीतिघी मिळून गातात तिथं या रेघेवर अजिबात विश्वास ठेवू नका, ती गोंधळते. आधी एकटीच्या ओव्या घ्या.

दुसरी अडचण सा ची. ओवीला तानपुरा नाही, मग सा कुठला? शिवाय दहा-बारा ओव्या झाल्या की पट्टी हळूहळू चढते, दळताना दम वाढतो तसा सूरही वाढतो. त्यामुळं एकच सा धरून पूर्ण गाणं मोजलं तर सगळं चुकंल. त्यापेक्षा प्रत्येक ओळ जिथं टेकते तो सूर त्या ओळीपुरता सा धरा. समजा टेकायचा सूर २१२ आला आणि गंधार २५९, तर २५९ भागिले २१२ म्हणजे १.२२. पेटीचा कोमल गंधार असतो १.१९ आणि शुद्ध १.२६, म्हणजे हा जवळपास मधोमध पडला. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतंय हे. एका वहीत नाहीतर एक्सेलमध्ये एका गाण्याचे वीस तरी आकडे लिहा, तीन बायकांचे साठ. एवढं झालं की तुमच्याकडं विषय आहे की नाही ते तुम्हालाच कळंल, कोणत्या प्राध्यापकाला विचारायची गरज पडणार नाही.

प्रात हाताला बसलं की मग सॉनिक व्हिज्युअलायझर घ्या, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं, तेही फुकट. त्यात एकावर एक थर लावता येतात, म्हणजे ओळ कुठं सुरू झाली, श्वास कुठं घेतला, जात्याचा फेरा कुठं पूर्ण झाला अशा खुणा करता येतात. मला स्वतःला या फेऱ्याचं फार कुतूहल आहे. ओवीची लय बाई ठरवते का जातं ठरवतं? दाणे भरडायचे असताना आणि बारीक दळायचं असताना फेऱ्याचा वेळ बदलतो, मग ओळ ताणली जाते का? हे कुणीतरी मोजावं असं मला लई दिवसांपासून वाटतंय.

हे सगळं करायच्या आधी मात्र एक काम या रविवारीच करा, त्यात चालढकल नको. ती साठ रेकॉर्डिंग सांभाळा. माझ्या आईच्या आवाजातली अकरा गाणी माझ्याकडं एकाच हार्ड डिस्कवर होती. २०११ मध्ये कॉम्प्युटर बंद पडला, दुरुस्तीला दिला, दुकानदारानं न विचारता फॉरमॅट करून दिला. आई तोवर गेली होती. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई, मला कळायला पाहिजे होतं, पण एक कॉपी ठेवली नव्हती ती नव्हतीच. म्हणून तीन कॉपी, एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक तुमच्या घराबाहेर, बहिणीकडं नाहीतर ऑनलाइन. साठ रेकॉर्डिंग म्हणजे चारेक मिनिटाचं एक धरलं तर साध्या वेव्ह फाइलमध्ये सव्वा जीबीच्या आसपास होतात, एक स्वस्तातला पेन ड्राइव्ह पुरतो. पुढची रेकॉर्डिंग वेव्हमध्येच करा, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर नको, तो आवाज दाबून लहान करतो आणि गेलेलं परत येत नाही. जुनी एमपी-थ्रीमध्ये असतील तर असू द्या, मूळ फाइल तशीच ठेवा, कॉपीवर काम करा. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, आणि जातं चालू असताना फोन जमिनीवर ठेवू नका, फरशीतून थरथर थेट आत जाते, चार घड्यांच्या गोधडीवर ठेवा, बाईच्या तोंडापासून हातभर. आणि फाइलचं नाव "न्यू रेकॉर्डिंग ४७" असं नको. कोण गायली, गाव, तारीख, दळताना की नुसती बसून, ओवी कुणाकडनं शिकली, माहेरची की सासरची, हे वहीत आत्ताच लिहा. दोन वर्षांनी तुम्हाला आठवणार नाही, आणि सांगणारी असंलच असंही नाही.

भाच्याचं म्हणणं. पोरगं वाईट बोलत नाही, त्याला मदतीला घ्याच, पण ती साधनं कशावर शिकलीयत ते त्याला विचारा. गाण्यातून आवाज वेगळे करणारी डीमक्स, स्प्लीटरसारखी साधनं आहेत, चांगली आहेत, मीही वापरते, पण ती गायन, ड्रम, बास आणि उरलेलं असे कप्पे धरून बनलीयत. संबळ यातल्या कुठल्या कप्प्यात जाईल? आणि जातं? आपोआप नोटेशन काढणारी बहुतेक साधनं शेवटी सूर मिडीमध्ये बसवतात, मिडी ही १९८३ ची पद्धत, कीबोर्डांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेली, तिच्यात सूर म्हणजे शून्य ते १२७ मधला एक पूर्ण आकडा. मधला सूर दाखवायची सोय आहे तिच्यात, पण ही साधनं सहसा जवळच्या पट्टीत ढकलून मोकळी होतात. म्हणजे ज्या गंधारासाठी तुम्ही एवढं करायलात तोच पहिल्या झटक्यात पुसला जाईल आणि कागदावर छान कोमल नाहीतर शुद्ध छापून येईल, आणि तुम्हाला वाटंल प्रश्न मिटला. तुमच्या कामात तरी पहिला हात माणसाचाच पाहिजे. ओवीचे शब्द टाइप करायला, आकड्यांचे आलेख काढायला भाचा आणि एआय दोघंही चालतील.

वाचायचं काय, तर सुरुवात तुमच्याच भाषेतून होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्या २०१७ पासून पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर येताहेत, मराठीत शब्द आणि पुष्कळ ठिकाणी आवाजही, आपल्या बीडकडच्याही आहेत. आणि त्यांचा कॉम्प्युटरवरचा डेटाबेस बांधणारे बर्नार्ड बेल हे फ्रेंच गृहस्थ मुळात कॉम्प्युटर आणि संगीत याच विषयातले. १९८० च्या दशकात त्यांनी जेम्स किपन यांच्यासोबत बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्रॅम केला, लखनौ घराण्याच्या तबल्याच्या कायद्यांसाठी (कायदा म्हणजे नियमानं वाढवत न्यायची बोलांची रचना, पलटे म्हणजे तिचे फेरफार), त्या काळच्या छोट्या ॲपल कॉम्प्युटरवर. कायद्याचे नियम प्रोग्रॅममध्ये घालायचे, त्यानं नवे पलटे तयार करायचे, ते उस्तादांपुढं ठेवायचे आणि उस्तादांनी सांगायचं हे चालतं, हे चालत नाही. नाही म्हणाले की नियम बदलायचा. मला ही पद्धत फार आवडते, तुमच्याही कामाला येईल, शेवटी सांगते.

मग कॉम्पम्युझिक. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या झेविअर सेरा यांचा प्रकल्प, २०११ ते २०१७, युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या पैशावर. त्यांचं म्हणणंच हे होतं की संगीताची सगळी सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीत धरून बनलीयत, म्हणून हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा अशा पाच परंपरा घेऊन काम केलं. आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास त्यात सोबत होत्या. नुसत्या रेकॉर्डिंगवरून गायकाचा सा यंत्रानं कसा ओळखायचा, यावर त्यांचे लेखच्या लेख आहेत, म्हणजे तुमचीच अडचण. त्यांनी सरगा नावाचा हिंदुस्थानी आणि कर्नाटक रेकॉर्डिंगचा संच अभ्यासाला खुला ठेवलाय. आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव यांच्या लॅबचं हिंदुस्थानी गायनावरचं काम जरूर बघा.

यातले बरेच लेख इस्मिर या, कॉम्प्युटरनं संगीताचा अभ्यास करणाऱ्यांच्या, परिषदेचे असतात. २००० पासून चालू आहे, २०२२ ला तर आपल्या बेंगळुरूत झाली, आणि त्यांचे सगळे लेख कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातच जॉर्जिया देशाच्या लोकगायनावरचं काम सापडंल, ते तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे. तिथले गावकरी तीन आवाजात गातात आणि त्यांचे सूर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत, अगदी आत्यासारखं. पॉट्सडॅम विद्यापीठातले फ्रँक शेरबाउम आणि एरलांगेनमधले माइनार्ड म्युलर यांच्या लोकांनी ते मोजलं, शेरबाउम तर गळ्याला लावायचे मायक्रोफोन घेऊन तिथं गेले म्हणजे एकेकाचा आवाज वेगळा मिळतो. आणि हे शेरबाउम मूळचे भूकंपशास्त्रज्ञ. १९९३ नंतर आम्हा लातूरकरांना भूकंपाची ती थरथरती रेघ डोळ्यांत बसलीय, त्याच रेघा वाचणारा माणूस म्हाताऱ्यांचं गाणं मोजायला बसला हे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते.

इंग्रजीचं म्हणाल तर असा लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. आधी सारांश, मग चित्रं आणि आलेख, मग शेवटचा भाग. मधली सूत्रं पहिल्या वेळी सोडून द्या. एक वही करा शब्दांची, पिच म्हणजे उंच-नीचता, टिंबर म्हणजे नादाची जाती, टॉनिक म्हणजे सा, आणि सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पन्नासेक शब्द झाले की तेच तेच परत येतात. आठवड्याला एक लेख पुरे. पायथॉन वगैरे प्रोग्रॅमिंगची भाषा सहा महिन्यांनी, आकडे हातानं लिहून कंटाळा येईल तेव्हा, मग लिब्रोसा नावाचा, आवाज तपासायच्या तयार प्रोग्रॅमचा संच आणि म्युलर यांचे कॉम्प्युटरवर चालवून बघायचे फुकट धडे आहेत. सेरा यांनी स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांच्यासोबत केलेला १० आठवड्यांचा कोर्सही आहे, साहित्य उघड्यावर ठेवलेलं, पण तो आत्ताच उघडला तर घाबरून जाल.

आता पुण्याचा कोर्स. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तो मायक्रोफोन, मिक्सर, स्टुडिओ, कार्यक्रमाचा साउंड यासाठी असतो. तुम्हाला रेकॉर्डिस्ट व्हायचं असेल तर जा. तुम्हाला गंधार मोजायचाय, ते तिथं शिकवत नाहीत. ८५ हजार आणि नोकरी दोन्ही घालवून सहा महिन्यांनी तुम्ही याच प्रश्नापाशी याल, म्हणून माझं मत विचाराल तर आत्ता नको. पीएचडीचीही घाई नको. आधी ते साठ आकडे आणि चार पानांची टिपणी तयार करा, मग नांदेडच्या विद्यापीठात जा, तुमचा जिल्हा तिकडंच येतो, एकाच आवारात कलेचंही संकुल आहे आणि कॉम्प्युटरचंही. संगीताचे गाइड आणि कॉम्प्युटरचे सहगाइड अशी जोडी जमते का बघा. ते प्राध्यापक नाही म्हणाले त्यात त्यांचंही काही चुकलं असं नाही, ज्यातलं आपल्याला येत नाही त्याची जबाबदारी ते घेईनात, इतकंच. हातात आलेख घेऊन गेलात तर तेच बोलणं वेगळं होतं. जुने मराठी प्रबंध शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, लोकगीतांवर आपल्याकडं काय झालंय ते आधी तिथं बघा. आणि १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल मिळतात, म्हणजे विकतचा लेख लागला तर विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून बघता येतो.

हे पत्र वाचणाऱ्यांत ज्यांना अभ्यासापेक्षा कॉम्प्युटरवर स्वतः आवाज करायचेत, त्यांच्यासाठी वेगळं दोन शब्द. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकू नका, व्हायरस येतो आणि मशीन जातं, आणि गरजही नाही. प्युअर डेटा, सीसाउंड, सुपरकोलायडर हे तिन्ही फुकट. प्युअर डेटा ज्यांनी बनवलं ते मिलर पकेट, त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीतावरचं आपलं पूर्ण पुस्तकही वेबसाइटवर फुकट ठेवलंय. शाळेतल्या पोरांना सॉनिक पाय द्या, चार ओळी टाइप केल्या की वाजायला लागतं. ताई, तुमच्या वर्गाला क्रोम म्युझिक लॅब दाखवा, ब्राउझरमध्येच चालतं, पोरांनी आ केलं की त्याचं चित्र पडद्यावर दिसतं, आपलाच आवाज बघून पोरं खूश होतात.

एक गोष्ट मला जरा जड वाटते, तरी बोलते. त्या ओव्यांत बायकांनी काय काय सांगितलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सासूचं, नवऱ्याचं, गेलेल्या लेकराचं. जात्यापाशी पहाटे ते म्हटलं कारण तिथं ऐकायला कुणी नव्हतं. तुम्ही घरची पोर म्हणून त्यांनी फोनपुढं म्हटलं. आता अभ्यासाला घेताना प्रत्येकीला परत जाऊन सांगा की मी हे कॉम्प्युटरवर मोजणार आहे, लिहिणार आहे, तुझं नाव देऊ का नको, कुठली ओवी वगळू. यूट्यूबवर तर विचारल्याशिवाय एकही टाकू नका. जी गेली असंल तिच्या लेकीला विचारा, आणि विचारायला जाताना पेन ड्राइव्हवर तिच्या आईचा आवाज घेऊन जा.

आणि ते बोल प्रोसेसरचं. प्रातमध्ये एक सोय आहे, गायलेल्या सुराची रेघ हातानं ओढून थोडी वर-खाली करता येते आणि तोच आवाज नव्या सुरात परत ऐकता येतो. साठ आकडे झाले की आत्याची एक छोटी ओळ घ्या, जात्याविना गायलेली. तिच्या तीन प्रती करा. एकीत गंधार तिचाच, एकीत ओढून पेटीच्या कोमलवर, एकीत शुद्धवर. कुठली कुठली आहे ते न सांगता तिन्ही आत्याला ऐकवा, चांगल्या स्पीकरवर, दोन-दोनदा, आणि विचारा यातलं बरोबर कोणतं. मग शेजारच्या काकूंना, मग तुमच्या विशारदच्या गुरुजींना, वेगवेगळं बसवून. त्या जे काही म्हणतील, "हे कसंतरीच लागायलंय" म्हणतील नाहीतर "हे शाळंतल्यावानी हाय" म्हणतील, ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट वहीत उतरवून घ्या.